पेडणेकरांचा बिनवासाचा मासा

रविवारी सकाळी साडेनऊला दाराची कडी वाजली, की मी नाक पुसून दार उघडत असे. दारात पेडणेकर. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मासा. "जोशीबुवा, घ्या वास. खरं सांगायचं हं, चिखलाचा येतोय का?"

मी जन्माने, संस्काराने आणि मुख्यतः बायकोच्या धाकाने शाकाहारी. पेडणेकरांना हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांनी मला नेमलं होतं. "मासे खाणारं नाक लाचखाऊ असतं," ते म्हणत. "शाकाहारी नाक कसं, निष्पक्ष!" माझ्या कुठल्याही अवयवाला एवढा मान त्याआधी किंवा त्यानंतर मिळाला नाही. मी "येतोय" म्हणालो की ते "शिजल्यावर जाईल" म्हणून निघून जात. मग मला विचारता कशाला, हे विचारायचं माझ्याच्याने कधी झालं नाही.

भोपाळला, बरखेड्यात, आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. नोकरी एकाच सरकारी कारखान्यात. मी स्टोअर्समध्ये, ते तपासणी विभागात. टर्बाइनच्या पात्यावर बारीकसा ओरखडा दिसला, की हा गृहस्थ अख्खं पातं परत पाठवायचा. "चालतंय की हो" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी तीन दिवस अबोला. त्यामुळे कारखान्यात त्यांचा बराचसा वेळ शांततेत जाई.

या वासाच्या भानगडीचं मूळ त्यांच्या लग्नात होतं. वहिनी वेंगुर्ल्याच्या. भोपाळला आल्या त्याच आठवड्यात पेडणेकरांनी मोठ्या कौतुकाने तलावातला रोहू आणला. वहिनींनी कालवण केलं, एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "चिखलाचो वास येता." बस्स, एवढंच. दुसऱ्या कुणा नवऱ्याने बटाट्याची भाजी टाकायला सांगितली असती. पेडणेकरांनी गळ विकत घेतला. तलावातला एक तरी मासा बायकोने वासाचं नाव न काढता खावा, एवढ्यासाठी ते सव्वीस वर्षं मोठा तलाव तपासत होते.

कुठे बसावं आणि कधी बसावं, यावर त्यांच्याइतकं ज्ञान कोळ्यांकडेही नसेल. "मार्चनंतर काठाला फिरकू नका. पाणी उतरतं, मासा गाळात तोंड घालतो. भदभद्याला धरणाची दारं उघडली की चार दिवस सुट्टी. खरा मासा दसऱ्यानंतरचा, नवं पाणी निवळल्यावर, पहाटेचा, आणि तोही खडकाळ तळ असेल तिथलाच!" हे ऐकून कुणी बिचारा वहीबिही काढून विचारी, "तिथे मासा नक्की लागेल ना?" त्यावर पेडणेकर शांतपणे म्हणत, "लागण्याचं मला माहीत नाही. वास कमी येईल."

लागलेला मासा ते आधी स्वतः हुंगत आणि दहातले नऊ पाण्यात सोडून देत. काठावरच्या भोपाळी मंडळींची त्यामुळे फुकट करमणूक होई. "क्यों खां," एक म्हातारे मियां दर रविवारी विचारत, "मछली पकड़ रिये हो के इत्र?"

वहिनीही काही कमी नव्हत्या. पेडणेकर स्वयंपाकघराच्या दारात उभे, नजर घासावर. अहो, नवऱ्याच्या समाधानासाठी एखाद्या रविवारी म्हणून टाकावं ना, नाही येत वास! छे! "येता," म्हणायच्या आणि लोणच्याची बरणी पुढे ओढायच्या. पेडणेकरांना त्याचंही कौतुक. "खोटं म्हणून बोलायची नाही ही!"

अशी वर्षं गेली आणि पेडणेकर रिटायर झाले. क्वार्टर सोडून वेंगुर्ल्याला जायचं ठरलं. तिथे दारात समुद्र, रोज बांगडा. तलावातला मासा वहिनींच्या ताटात पडायला दोनच रविवार उरले. पेडणेकर हडबडले. त्यातल्या पहिल्या रविवारी त्यांनी मासा आणला आणि मलाही जेवायला बसवलं. माझ्या ताटात वरणभात होता. मासा शेजारच्या ताटात असूनही चिखल माझ्यापर्यंत पोचत होता.

वहिनींनी घास घेतला. मग दुसरा. मग सगळा तुकडा काट्यांपर्यंत साफ केला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "आज वास नाय हो."

मला वाटलं, पेडणेकर आता नाचणार. ते ताटावरून उठले. मागच्या नळावर हात धुताना हळूच म्हणाले, "जोशीबुवा, येत होता ना?"

"येत होता," मी म्हणालो.

"हिच्या वडिलांना मीच सांगितलं होतं. भोपाळला समुद्र नाही, पण तलाव एवढा मोठा आहे, पोरीला मासळीवाचून राहावं लागणार नाही. तेवढ्या शब्दावर त्यांनी मुलगी दिली हो." ते बराच वेळ हात धूत राहिले.

मला वाटलं, आता तरी गळ बांधून ठेवतील. कसलं काय! शेवटच्या रविवारी पहाटे मला स्कूटरवर घालून बिशनखेडीच्या बाजूला घेऊन गेले. म्हणे, तिथला एक खडक तपासायचा राहिलाय. दोन तासांनी हातभर कतला लागला. त्यांनी तो डोळे मिटून हुंगला आणि माझ्या नाकाशी धरला. मी पुन्हा पुन्हा वास घेतला. गार पाणी, दुसरं काही नाही.

"पेडणेकर, नाही येत!" मी ओरडलो. "शपथेवर सांगतो, नाही येत!"

"हो ना?" ते हसले. सव्वीस वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग ते खाली वाकले आणि तो मासा त्यांनी पाण्यात सोडून दिला.

"अहो, हे काय केलंत?"

"हा खाल्ला की तिला फरक कळेल," ते म्हणाले. "मग विचारील, गेल्या रविवारी वास नाही म्हटलं होतं, तरी पुन्हा बिनवासाचा शोधायला का गेलात? तिचं खोटं मला कळलं होतं, हे तिला कळायला नको."

आयुष्यभर या माणसाची टिंगल करणारा मी, त्याचा गळ गुंडाळायला लागलो.

घरी पोचलो तेव्हा वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या. "गावलो काय?"

"नाय गावलो," पेडणेकर हेल्मेट काढत म्हणाले. "गेल्या रविवारचोच बरो होतो."