झुंबररावांच्या गुहेतला डक्ट

एका जंगलात, जिथे आता वाघालाही आधी निरोप पाठवूनच भेटावे लागे, झुंबरराव नावाचे एक अस्वल राहत होते. बाळांनो, अस्वल म्हटले की तुम्ही घाबरता. झुंबररावांना घाबरायचे काही कारण नव्हते. त्यांनी जन्मात कोणाला नाही म्हटले नव्हते.

त्यांची गुहा डोंगराच्या पोटात होती. एका टोकाला त्यांची आई धुरपदाबाई राहत, दुसऱ्या टोकाला बायको हौसा. मधे काळ्या पाषाणाची भिंत होती. ती एवढी जाड की एका बाजूला आदळआपट झाली तरी दुसऱ्या बाजूला कळू नये. झुंबररावांचा सगळा संसार या भिंतीच्या जिवावर चालला होता.

ते सकाळी आईच्या खोलीत जात. आई सुनेची गाऱ्हाणी सांगे. "तुझंच खरं, आई," असे म्हणून झुंबरराव पदरची एकदोन गाऱ्हाणी जोडत. मग बायकोच्या खोलीत जात. तिथेही "तुझंच खरं" आणि पदरची एकदोन गाऱ्हाणी. दोघींना वाटे, बिचारा आपल्या बाजूचा आहे. दोघीही आपल्या वाटचा मध त्यांच्यासाठी झाकून ठेवत. झुंबरराव चांगले गुटगुटीत झाले होते.

त्या उन्हाळ्यात तरसाने आपल्या बिळात गार हवेचे यंत्र बसवले. हौसा ते बघून आली आणि फुगून बसली.

"अहो, तरसिणीच्या अंगावर काटा येतो हो गारव्याने! आणि आपल्याकडे काय? नुसता दगड."

आईचे वेगळेच. "झुंबऱ्या, थंडीत माझे सांधे आखडतात. उबेचं काहीतरी बघ."

खरे तर गुहा उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदारच असे. पण हे म्हणायला कोणाला तरी नाही म्हणावे लागले असते. म्हणून झुंबररावांनी शुभ्रकांत बगळ्याला बोलावले. घरोघर हवा बसवून देणे हा त्याचा धंदा होता.

शुभ्रकांत प्रत्येक खोलीत गेला, एका पायावर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. याला तो पाहणी म्हणे.

"साहेब, ही जी आपोआप गार होते ना तुमची गुहा, हिच्यावर तुमचा काहीच कंट्रोल नाही," तो हळहळून म्हणाला. "दोन मार्ग आहेत. एक, खोलीला एक वेगळं यंत्र. आटोपशीर काम. आधी आईसाहेबांच्या खोलीत बसवू, की वहिनींच्या?"

झुंबररावांच्या कपाळाला घाम फुटला. आधी कोणाच्या? या प्रश्नाचे उत्तर दिले की एका खोलीतला मध बंद. कदाचित दोन्ही खोल्यांतला.

"दुसरा मार्ग काय?" त्यांनी घाईघाईने विचारले.

"डक्ट! डोंगर पोखरून बोगदे काढायचे आणि प्रत्येक खोलीत एक जाळी. उन्हाळ्यात झऱ्यावरच्या कपारीत वटवाघळं पाळीपाळीने पंख मारतील, गार हवा घरभर. हिवाळ्यात खड्ड्यात रानडुकरांचा कळप झोपवू, त्यांचे उबदार श्वास घरभर. सगळ्या खोल्यांत एकाच वेळी, एकसारखं."

"एकाच वेळी? कोणाला आधी, कोणाला मागून असं नाही?"

"नाही."

"मग तेच द्या," झुंबरराव म्हणाले. डुकरांच्या श्वासाचा वास कसा असतो, हे विचारायचे त्यांना सुचलेही नाही.

"प्रत्येक जाळीला झडप लावू का? हवी तेव्हा उघडायची, नको तेव्हा बंद."

झुंबररावांनी क्षणभर विचार केला. झडप आली की कोणाची उघडी, कोणाची बंद, यावरून रोज न्यायनिवाडा करावा लागणार.

"झडपा नकोत. सगळं मोकळं असू दे," ते उदारपणे म्हणाले.

घुशी लागल्या कामाला. घर धुळीने माखले. पाषाणाची भिंत आरपार पोखरली गेली तेव्हा झुंबरराव स्वतः कौतुकाने उभे होते. मोबदला म्हणून शुभ्रकांतने ओढ्यातला त्यांचा माशांचा डोह घेतला आणि त्याच दिवसापासून तिथे डोळे मिटून उभा राहू लागला.

एका रणरणत्या दुपारी वटवाघळांनी पंख मारायला सुरुवात केली. जाळ्यांतून गार झुळूक आली. झुंबरराव धन्य झाले आणि सवयीने आईच्या खोलीत गेले.

"मला हुडहुडी भरली रे," आई घोंगडीतून म्हणाली. "हे खूळ कोणाचं?"

"तुझंच खरं, आई. हौसाचं खूळ, दुसऱ्या कोणाचं! तिला चरबी केवढी, तिला गारठा कसा लागेल? डोक्यात तर नुसती तरसीण भरलीय."

जाळीतून आवाज आला. "अहो, ऐकू येतंय हो."

झुंबररावांच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. ते धावत बायकोच्या खोलीत गेले आणि जाळीकडे पाठ करून कुजबुजले.

"अगं, तिचं मन राखायला म्हणालो. म्हातारीचं डोकं आता चालत नाही. थंड काय, गरम काय, तिला काही कळत नाही."

"कळतं मला, झुंबऱ्या," जाळी म्हणाली.

झुंबरराव तडक मागच्या कोठीत गेले आणि मधाच्या मडक्यांमागे लपले. "बायका आहेत की हेर?" ते स्वतःशीच पुटपुटले. कोठीलाही जाळी होती.

मग हौसा जाळीशी तोंड नेऊन म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? गेल्या साली तुमचं पोळं मी चोरून खाल्लं, असं तुम्ही यांना म्हणालात?"

"मी? अगं, तूच खाल्लंस असं तो मला सांगत आला. ओठाला मध होता त्याच्या! आणि माझ्या घोरण्यानं डोंगर हलतो, असं तू म्हणतेस म्हणे?"

"छे हो! मला तर तुमचं घोरणं आजवर ऐकूच आलं नव्हतं. मधे भिंत होती ना!"

आणि मग, बाळांनो, दोघी हसल्या. एकमेकींची गाऱ्हाणी ताडून बघता बघता त्यांचे हसणे वाढतच गेले. डक्ट उत्तम होता. झुंबररावांना कोठीत एकूण एक शब्द ऐकू आला. रागावल्या असत्या तर त्यांनी दोघींची वेगवेगळी समजूत काढली असती. हसणाऱ्या बायकांची समजूत कशी काढायची, हे त्यांना येत नव्हते.

हवा किती गार असावी, हे दोघींनी बोलता बोलता ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी काय रांधायचे, तेही ठरले. मध एकत्र ठेवायचा आणि मडक्याच्या तोंडावर दगड ठेवायचा, हेही ठरले. झुंबररावांना कोणी काही विचारले नाही.

झुंबरराव डोहावर गेले. "शुभ्रकांत, तो डक्ट काढता येईल का?"

"डोंगर पाडावा लागेल, साहेब." बगळ्याने एक डोळा उघडला. "का? हवा पोचत नाही?"

"सगळं पोचतं," झुंबरराव रडवेले होऊन म्हणाले. "हीच तक्रार आहे."

"तक्रारीत ते बसत नाही," असे म्हणून बगळ्याने डोळा मिटला.

झुंबरराव खालमानेने घरी परतले. गुहेच्या तोंडाशी ते बराच वेळ उभे राहिले. आत दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. शेवटी ते हळूच खाकरले आणि म्हणाले, "मी आलोय."

सगळ्या जाळ्यांतून एकदम उत्तर आले, "ऐकलं!" आणि गप्पा पुढे सुरू झाल्या.

तात्पर्य : नेहमी खरे बोलावे, असे तात्पर्य या गोष्टीतून काढणारी मुले गुणी असतात. मोठी होऊन त्यांची लग्ने झाली की तीही खोलीला वेगळाच एसी घेतात.