हरकत असल्यास कळवावे

"काकू, तुम्ही फक्त सही करा, बोलायचं काम माझं." मयूर वकिलांचे हे शब्द नवसाबाईंना अजून ऐकू येतात. बोलायचं काम त्यांनी इतकं मनापासून केलं, की नवसाबाईंचा इंदिरानगरचा प्लॉट स्वतःच्याच मेहुण्याला विकून टाकला.

नवसाबाईंनी वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे तक्रार केली. समितीने तत्परतेने सोमवारची तारीख दिली. सोमवारी नवसाबाईंचं सूर्यास्तापर्यंत मौन असतं. मयूर वकिलांना हे ठाऊक होतं. सहीसुद्धा त्यांनी सोमवारीच घेतली होती.

"तुमचं म्हणणं काय?" अध्यक्षांनी विचारलं. नवसाबाईंनी हात जोडले. नोंद झाली : 'तक्रारदाराची मूक संमती.' मग वकिलांना विचारलं, "फसवणूक केलीत का?" तेही गप्प बसले. नोंद झाली : 'वकिलांचा संयम उल्लेखनीय.'

नवसाबाई गुरुजींना विचारून आल्या. "देवाला कुठलाही वार चालतो," गुरुजी म्हणाले. मौन गुरुवारवर गेलं. 'तक्रारदाराच्या श्रद्धेचा आदर राखून' तारीखही गुरुवारवर गेली. मौन रविवारवर नेलं, तर समितीने सुट्टीच्या दिवशी काम केलं आणि त्याबद्दल स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. नवसाबाई दमून पुन्हा सोमवारवर आल्या.

शेवटी समितीचं मत पडलं, की एवढ्या सातत्याच्या मौनावरून हा व्यवहार विक्री नसून गुप्तदान दिसतो. पेपरात जाहीर सूचना आली : 'कोणाची हरकत असल्यास सोमवारी समक्ष कळवावे. अन्यथा समाजाचीही संमती गृहीत धरून वकिलांना निर्दोष ठरवण्यात येईल.'

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात गदारोळ झाला.

"वकील हाय का दरोडेखोर?" भागीबाई म्हणाल्या.

"आपण सगळ्या जाऊ. काकू, तुमच्या वतीने मी बोलेन," शुभांगी म्हणाली. आम्ही सगळ्यांनी टाळ वाजवून अनुमोदन दिलं.

सोमवारी सकाळी नवसाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. भागीबाईंचा साबुदाणा भिजायचा होता. उज्वलाची कामवाली आली नव्हती. मोहिनीताई गॅलरीतूनच हळू आवाजात म्हणाल्या, "आमचं खरेदीखत त्यांच्याकडेच आहे हो. माणूस कसाही असो, काम लवकर करून देतो." आम्ही माना डोलावल्या. आमच्यातल्या एकीचंही त्या दिवशी मौन नव्हतं.

शुभांगीच्याही फ्लॅटचे कागद मयूर वकिलांकडेच आहेत. तिने गॅस बंद केला, चपला घातल्या, कोणाकडे न बघता खाली आली आणि नवसाबाईंचा हात धरून रिक्षा बघायला लागली.