साडी नेसून धार काढणारे सर

आमच्या शेजारचे गुलाबराव बारामतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि रोज सकाळ-संध्याकाळ हिरवी साडी नेसून म्हशीची धार काढायचे. दोन्ही कामं त्यांना सारखीच अवघड जायची.

नवा पोस्टमन पहिल्यांदा आला, तेव्हा गोठ्यात पदर दिसला म्हणून त्यानं हाक मारली, "वैनी, सर हायत का घरात?" पदराआडून भरदार मिश्या वळल्या आणि म्हणाल्या, "हायत. बोला." पोस्टमनच्या हातून सायकल पडली.

साडी त्यांच्या बायकोची, शांताची. शांता वारली आणि म्हैस पान्हवायची थांबली. तिला शांताचाच हात ठाऊक. सर बसले की लाथ, गडी बसला की लाथ. शेवटी मीच सांगितलं, शांताची न धुतलेली साडी गुंडाळून बसा. आमच्यात पूर्वीपासून असं करतात. म्हशीनं साडी हुंगली आणि दूध सोडलं. सर एवढे खूष झाले! दूध मिळालं म्हणून नव्हे. त्यांच्या म्हणण्याला साक्षीदार मिळाला म्हणून.

त्यांचं म्हणणं असं, की खरं हे कुठं शेतात पडलेलं सापडत नाही. माणसं बसून ते ठरवतात, आणि दुसरी माणसं दुसरं काही ठरवतात. कुणी काही बोललं की यांचा प्रश्न तयार, "कुणाच्या हिशोबानं?" ऊन वाढलं म्हटलं तरी "कुणाच्या हिशोबानं?" मी धाडलेलं कालवण खारट झालं तर मात्र विचारायचे नाहीत, मुकाट तांब्याभर पाणी प्यायचे.

एकदा डेअरीत त्यांनी एकाच किटलीतलं दूध दोन बाटल्यांत भरून तपासायला दिलं. फॅट वेगवेगळी लागली. सर म्हणाले, "आता सांग, फॅट दुधात हाय का तुझ्या यंत्रात?"

डेअरीवाला म्हणाला, "कुठं बी असंल सर. तुमच्या मागं लाईन हाय."

मी चौथी शिकलेली, पण भांडायला कुणाला हार जात नाही. एकदा भाकरी करताना म्हटलं, "ह्या तव्याला हात लावा. चटका बसतो, हे बी कमिटीनं ठरवलं का?"

"चटका न्हाय, आक्का. चटका बसल्यावर दोष तव्याला द्यायचा का बाईला, ते ठरवत्यात."

"आणि खरं असं काय नसतंच, हे तुमचं बोलणं तरी खरं का?"

सरांनी टाळी वाजवली. हा प्रश्न फार जुना आहे म्हणाले, आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. ते उत्तर सांगेपर्यंत चुलीवरचं माझं दूध उतू गेलं. उत्तर मला पटलं नाही. दूध गेलं ते गेलंच.

सरांना लोक हसायचे, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या पोराला, रमेशला होतं. तो एमआयडीसीत कामाला. तिथं त्याला विचारायचे, "काय रं, आज बापानं कुठली साडी नेसलीया?" त्यानं पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. मग एका रविवारी संध्याकाळच्या धारेच्या वेळेला भवानीनगरचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. म्हैस विकायची. सर नको म्हणाले, तर रमेश म्हणाला, "मग मी तरी ह्या घरात ऱ्हातो कशाला?" आवाज चढले म्हणून मी गोठ्यात गेले.

गिऱ्हाइकानं म्हशीभोवती फेरी मारली. "गरीब हाय न्हवं?"

"कुणाच्या हिशोबानं?" सर म्हणाले.

"माझ्या! धार मी काढणार हाय न्हवं का?"

तो बसला. म्हशीनं बादली पार उकिरड्यावर धाडली. मी मोठ्यानं हसले.

तो धोतर झटकत उठला. "मागचं पाय बांधून काढू. पंधरा दिवसांत इसरंल समदं."

सरांचा चेहराच उतरला. ते म्हशीचं दावं नुसतं हाताला गुंडाळत राहिले.

रमेश चिडला. "आबा, आई गेली. हे तरी खरं हाय का न्हाय? का हे बी कुणी बसून ठरवलं?"

मला वाटलं, झालं, आता तासभर चालणार.

"खरं हाय," सर म्हणाले. "आपणच तिला पोचवून आलो. मला ठावं हाय, तुला ठावं हाय, आक्काला ठावं हाय. हिला अजून कुणी सांगितलेलं न्हाय, रमेश. हिच्यापाशी ती रोज दोन वेळा येती. तेवढी एक जागा ऱ्हाऊ दे की."

गिऱ्हाईक उकिरड्याकडं बघत उभं राहिलं. म्हणून मीच म्हटलं, "जावा पावणं. दूध निघालं न्हाय, तवा च्या मिळायचा न्हाय."

तो गेला. म्हैस रेकायला लागली होती. सरांनी खुंटीवरची साडी काढली आणि कशीतरी कमरेला खोचली. सगळ्या निऱ्या एकाच अंगाला गोळा झालेल्या, पदर शेणात. मग उकिरड्यावरची बादली आणून रमेशनं विसळली, म्हशीपाशी ठेवली, बापासमोर खाली बसला आणि त्याच्या निऱ्या एकेक सारख्या करून नीट खोचून दिल्या.