सासऱ्यांच्या मापाचं सस्पेन्शन

लासुर्ण्यात राहणाऱ्या माणसानं स्पोर्ट्‌स कार वापरू नये, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठंही नाही. तरी गावातला जो तो मला अडवून हा कायदा सुनावतो. (परवा तर न्हाव्यानं अर्धी दाढी करून सुनावला. उरलेल्या अर्ध्या दाढीसाठी मला मान डोलवावी लागली.)

गाडी लाल आहे, दोन दारांची आहे आणि पुण्याच्या एका डॉक्टरानं वापरून मला विकली आहे. ती मी रविवारी धुऊन झाकून ठेवायला घेतली नाही. बारामतीला एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत मी हिशेबनीस आहे आणि रोज तिच्यातूनच कामावर जातो. रोज तिचं पोट घासतं. दोष गाडीचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्याकडे स्पीडब्रेकर ज्याला वाटेल तो घालतो. घर बांधून झालं, वाळू-सिमेंट उरलं, की घातला समोर एक. त्यात सध्या कारखान्याचा हंगाम. ट्रॉलीतून सांडलेला ऊस गाडीखाली अडकतो, त्याचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मागं लोंबतं, आणि त्या वाढ्याच्या मागं म्हशी लागतात. एकदा मी तसाच डेअरीच्या फाटकात शिरलो, तर वॉचमन म्हणाला, "साहेब, दूध घालायला मागच्या गेटनं."

हे सगळं मी सोसत होतो. पण बायको नाही ना सोसत! स्वरूपानं एके दिवशी चहाचा कप खाली ठेवला. (ती कप आपटत नाही. हळूच ठेवते. ते जास्त वाईट.)

"राजवर्धनचा साखरपुडा आहे ना डाळजला, त्याला आबा तुमच्या गाडीतनं येतील," ती म्हणाली. राजवर्धन हा माझा मेहुणा.

"माझ्या? तुमच्या घरची जीप आहे की!"

"जीपमध्ये आई, आत्या आणि ताटं. आबा तुमच्याबरोबर. आमच्या पणदऱ्यापासून डाळजपर्यंत त्यांना सुखानं न्यायचं. आबा म्हणाले गाडी बरी आहे, तर ठेवा. नाही म्हणाले, तर विकायची आणि माणसं बसतील अशी उंच गाडी आणायची. ह्यावर पुन्हा बोलणं नाही."

आबा म्हणजे माझे सासरे हिंदुराव. तरुणपणी ते कुस्ती खेळायचे. पुढं कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते एकदाच बसले होते. असा माणूस माझ्या गाडीत बसवायचा आणि वर त्याच्याकडून प्रशस्तिपत्रक घ्यायचं! पण गाडी जाणार म्हटल्यावर मला तर घास गोड लागेना. मी कॉइलओव्हर बसवायचं ठरवलं.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच दांडीवर. दांडीवरची चकती पान्यानं फिरवली की गाडी वर किंवा खाली होते, प्रत्येक चाकाला वेगळी. वरचं बटण फिरवलं की कडक किंवा मऊ. भिगवण रोडवरच्या तौसिफच्या गॅरेजात मी हा शब्द उच्चारला आणि त्याचा चेहरा सणासारखा उजळला.

"शेवटी मनावर घेतलंत दादा! किती खाली घ्यायची? पार रस्त्याला चिकटवतो."

"वर घ्यायची आहे."

तौसिफनं हातातला कपडा खाली टाकला. "वर? दादा, सगळी दुनिया ही गाडी खाली करायला लावती. वरच घ्यायची हुती, तर ट्रॅक्टर का न्हाय घेतला?"

मी कॅटलॉग पुढं ओढला. मग निवड सुरू झाली. एक सेट शर्यतीचा होता. त्यावर बसलं तर रस्त्यावर पडलेल्या बिडीच्या थोटकाची जाडीसुद्धा पाठीला कळते. दुसरा नुसता दिखाव्याचा. तिसरा रोज वापरणाऱ्या माणसासाठी, मऊ, चारही चाकांना वेगळा लावता येणारा. मी तिसरा घेतला. तौसिफला पहिला हवा होता. तिथं पंक्चर काढायला आलेल्या एका आजोबांना दोन्ही नको होते. त्यांच्या मते मागं ट्रकसारखे कमानपाटे टाकायला हवे होते. जणू मी गाडीतून ऊस वाहणार होतो!

गाडी वर आली, पोट घासायचं थांबलं. इथंच मी थांबायला हवं होतं. पण मी हिशेबनीस. मला ताळा जमल्याशिवाय झोप येत नाही. मी विचार केला, आबा डाव्या सीटवर बसणार. म्हणजे डावी बाजू दबणार, गाडी कलणार, आबांना ते खटकणार. तेव्हा डावी बाजू आधीच उचलून कडक करावी. आबा बसले की गाडी बरोब्बर सपाट! आता आबांना काही अंगणात बोलावून आधी तोलता येत नाही. पण कारखान्याच्या सभासदांना मिळणारी दिवाळीची साखर वडिलांच्या नावावर नुकतीच आली होती. शेजारच्या किराणावाल्या फारुकभाईंना हाक मारली आणि दोघांनी दोन पोती त्या सीटवर चढवली. तिसरं पायाशी उभं केलं.

"कुणाकडं पोचवायची?" फारुकभाईंनी घाम पुसत विचारलं.

"कुठं नाही. हे माझे सासरे आहेत."

फारुकभाईंनी पोत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग बेल्ट तरी लावा त्येनला," म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

मी चकत्या फिरवल्या, पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध! पोती उतरवली तेव्हा डावी बाजू एकदम वर आली, लंगड्या पलंगासारखी. पण आबा बसले की सपाट होणार, हे मला ठाऊक होतं. अख्ख्या इंदापूर तालुक्यात सासऱ्याच्या मापाची गाडी लावणारा जावई मी एकटाच असेन.

स्वरूपा आदल्या दिवशीच माहेरी गेली होती; साखरपुड्याच्या सकाळी मी एकटाच पणदऱ्याला पोचलो. आबा फेटा बांधून बाहेर आले. मी धावत जाऊन डावं दार उघडलं. आबा सरळ उजवीकडे गेले.

"जावईबापू, चावी द्या."

"आबा, मी चालवतो ना!"

"तुमी?" आबांचा आवाज चढला. "जावयानं गाडी हाकायची आन् मी बाजूला बसायचं? व्याह्याच्या दारात उतरल्यावर लोकं काय म्हणतील? हिंदुरावानं जावयाला डायवर केला! न्हाय. तुमी मानानं बसा."

"पण आबा, डावी बाजू तुमच्यासाठी..."

"मला जावयाचा मान शिकवू नगा!"

"निदान थोडं थांबा, चकत्या परत फिरवतो."

"मुहूर्त थांबतूय व्हय?" असं म्हणून आबा बसले.

उजवी बाजू 'हं' करून खाली गेली. मी डावीकडे चढलो. चढलोच म्हणायचं, कारण तिकडं ती माडीवर गेली होती. माझं वजन लग्नात जेवढं होतं तेवढंच आहे आणि लग्नात मी आजारातून उठलो होतो. आबांच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. माझ्या खिडकीतून आभाळ.

पुढचा प्रवास मला आठवायचा नाही, पण अन्याय सांगितलाच पाहिजे. कडक केलेल्या त्या डाव्या बाजूवर मी प्रत्येक खड्ड्याला उडत होतो आणि छताला लागून परत येत होतो. उजवीकडं प्रत्येक स्पीडब्रेकर गाडीला खालून खरवडत होता. बारामती ओलांडेपर्यंत टपरी-टपरीवरून लोक उठून ओरडायचे, "आबा, पाटा तुटलाय!" आबा हात हलवून उत्तर द्यायचे. त्यांना वाटत होतं, लोक रामराम घालताहेत. आणि मुंग्या! पोत्यांतून सांडलेल्या साखरेला सीटभर मुंग्या लागल्या होत्या आणि त्या सीटवर आता मान म्हणून मी बसलो होतो. मी चुळबूळ करायला लागलो की आबा म्हणायचे, "हालू नगा जावईबापू, गाडी डुलतीया."

डाळजच्या मांडवापुढं गाडी थांबली. आबा दार उघडून सहज जमिनीवर पाय ठेवून उतरले. मी उडी मारली. पुढच्या पाच मिनिटांत साखरपुड्यातले सगळे पुरुष गाडीभोवती होते, माना तिरक्या करून. गुरुजीसुद्धा. मुलीचे चुलते युवराज कुठूनशी एक वीट घेऊन आले आणि "पाव्हणं, उजव्या चाकाखाली सारू का?" म्हणून अदबीनं विचारू लागले. कुणी म्हणालं गाडी अपघातातली आहे, कुणी म्हणालं परदेशात अशीच मिळते. मी कॉइलओव्हर समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मुंगी मानेवरून आत गेली. समजावण्याऐवजी मी सदरा झटकत नाचलो. मुलीकडच्या बायकांनी ते पाहिलं.

अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. निघताना स्वरूपानं सगळ्यांसमोर विषय काढलाच.

"आबा, खरं सांगा. ह्यांची ही गाडी ठेवायची का काढायची?"

ती लाल गाडी उन्हात एका कुशीवर उभी होती आणि मला तिची इतकी माया आली, की मी पुढं होऊन आबांचे पाय धरणार होतो. आबांनी पान तोंडात सारलं, गाडीकडं बघितलं आणि मिशीत हसले.

"इकायची? येडी हाय का काय तू! असलं इंजिन मी जल्मात हाकलं न्हाय. गाडी ठिवायची!"

मला रडू यायचं बाकी होतं. मी विजयी मुद्रेनं स्वरूपाकडे पाहिलं. सगळ्या डाळजकडे पाहिलं. न्हाव्याकडेसुद्धा पाहिलं असतं, पण तो तिथं नव्हता.

"एकच सांगतो," आबा पुढं म्हणाले, "डावी बाजू मोकळी ठिवून हाकत जाऊ नगा. गाडी कलती. तकडं कायतरी वजनाचं ठिवत जा."

"अहो आबा," मी कळवळून म्हणालो, "येताना डाव्या बाजूला मी बसलो होतो!"

आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"ठावं हाय की," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतोय."