मामांची बत्तिशी

"हरायचं कसं हे शिकायचं असेल ना, तर माझ्याकडे या!" असं मामा रोज सांगायचे. ऐकणाऱ्याच्या गळ्यावर त्यांचा वस्तरा असायचा, त्यामुळे आजवर कुणी नाही म्हणालं नव्हतं.

मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हेत. कोपऱ्यावर त्यांचं सलून, आणि अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. तीस वर्षं लोकांचे गळे हाताळून त्यांना म्हणे माणूस आतून कळायला लागला होता. "पोकर मी पत्त्यांवर नाही, मनावर खेळतो! मन म्हणालं की समोरचा थापा मारतोय, की आपण लावलं सगळं. आणि हरलो तर? हसायचं! टाळी द्यायची! हार पचवता आली पाहिजे राव!"

असा हा वाघ गेले तीन आठवडे एका दाढेला घाबरून होता.

खालची, उजवीकडची, अगदी शेवटची. गार पाण्याचा घोट घेतला की थेट मस्तकात कळ जायची. पण डॉक्टरकडे? नाव काढू नका! दातांचे डॉक्टर शेजारीच होते, दोन दुकानांमध्ये एकच भिंत. पलीकडे ते यंत्र घुर्रर्र करायला लागलं की इकडे मामांचा वस्तरा हवेत थांबायचा आणि गिऱ्हाइकाऐवजी मामांनाच घाम फुटायचा. "मामा, गाल सुजलाय का?" असं डॉक्टरांनी विचारलं, की मामा ओठ न उघडता म्हणायचे, "तब्येत सुधारलीय!"

बुधवारी दुपारी सलून बंद असायचं. तेव्हा आत डाव बसायचा. आरशांवर टॉवेल टाकायचे, नाहीतर सगळ्यांची पानं सगळ्यांना दिसायची. समोरचे शिंपीमास्तर पत्ते वाटायचे. पैशांऐवजी त्यांचीच बटणं. शर्टाचं बटण एक, कोटाचं दहा.

त्या बुधवारी डॉक्टर म्हणाले, "नुसत्या बटणांत मजा नाही. शेवटच्या डावाला काहीतरी खरं लावू."

"तुमची दाढी!" मामा ताडकन म्हणाले. डॉक्टरांची ती दाट दाढी मामांना फार दिवस खुपत होती. शेजारी राहून हा माणूस तिला मामांचा हात लागू देत नव्हता!

डॉक्टरांनी मामांच्या गालाकडे एकदा बघितलं आणि मास्तरांच्या कानात काहीतरी सांगितलं. मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या आणि मामांच्या दुखऱ्या बाजूच्या कानात कापसाचा बोळा. मास्तरांनी जाहीर केलं, "डॉक्टर हरले तर दाढी, मामा हरले तर दाढ!"

मामांना दोन्ही वेळा दाढीच ऐकू आली.

"माझी? घ्या की! रोज सकाळी आरशासमोर उभा राहून माझी मीच काढतो."

डॉक्टर खुर्चीतून पडायचेच बाकी होते. "रोज? स्वतः?"

"तर! दोन मिनिटांचं काम. कधी थोडं रक्त येतं, तुरटी फिरवली की झालं."

"मामा," डॉक्टर भारावून म्हणाले, "तुमच्याबद्दल माझा फार गैरसमज होता हो."

पानं वाटली. मामांकडे नव्व्यांची जोडी, बाकी सगळा पाला. डॉक्टरांनी होती नव्हती ती बटणं पुढे सरकवली. शहाण्याने पानं टाकून दिली असती. पण मामांचं मन म्हणालं, थापा आहेत रे, लाव! मामांनी सगळी बटणं लोटली. "बघतो! दाखवा!"

डॉक्टरांनी तीन राण्या मांडल्या.

मामा दिलखुलास हसले. टाळीसाठी हात पुढे केला. "वा डॉक्टर! बघा मास्तर, असं हरतात! आणा साबण!"

"साबण कशाला? पकड आणतो."

"पकड?"

"मग दाढ काय साबणाने निघणार?"

मामांनी कानातला बोळा काढला. "काय निघणार?"

"दाढ," मास्तर म्हणाले. ह्या वेळी त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या होत्या.

मामांचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचे मामा कुठेतरी निघून गेले. भिंतीपलीकडे कुणीही नसताना त्यांना ते घुर्रर्र ऐकू यायला लागलं. खरी भीती वाटली त्यांना, लहानपणी काळोख्या माळ्यावर चढताना वाटायची तशी.

"अजून एक डाव!" मामा ओरडले. "जिंकलो तर सुटलो. हरलो तर... हरलो तर दोन काढा!"

मन म्हणालं, लाव. मामांनी लावलं. दोन झाले.

पुढच्या डावात मन पुन्हा म्हणालं, लाव. पण आता मामांचा मनावर भरवसा उरला नव्हता, त्यांनी पानं टाकून दिली. डॉक्टरांनी आपली पानं उलटी केली. हातात काहीच नव्हतं! नेमकं तेव्हा मन खरं बोललं होतं. चार झाले.

"पुरे करा मामा," मास्तर कळवळून म्हणाले.

"वाटा हो तुम्ही!"

आठ. सोळा. मामांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पुढच्या डावाला त्यांच्याकडे दोन एक्के आले आणि डोळ्यांत पाणी आलं. "लावलं!"

डॉक्टरांकडे तीन छक्क्या निघाल्या.

"बत्तीस," मास्तर हळूच म्हणाले. "मामा, तोंड संपलं."

"अजून एक! मामीचे लावतो!"

"माझ्या दातांना हात तर लावून बघा!" मामी दारातच उभी होती. मागच्या खोलीतून तिने सगळं ऐकलं होतं. "तीन आठवडे उशी चावताय! अहो, घाबरलोय म्हणून सांगायला काय होतं? आणि गावाला शिकवता ना हार पचवायला? आता पचवा!"

"दात गेल्यावर पचवू कशी?" मामा रडकुंडीला येऊन म्हणाले.

डॉक्टरांना दया आली असावी. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "हे बघा मामा, पैज बत्तीस दातांची आहे. मोजून बघू. एक जरी कमी भरला, तर अख्खी पैज रद्द!"

मामांच्या जिवात जीव आला. एखादा कमी असणारच! झोपाळ्यावरून पडले होते ते लहानपणी, आठवीत असताना मारामारीही झाली होती. ते स्वतःच्या पायांनी शेजारी गेले, त्या खुर्चीत बसले आणि जे तोंड तीन आठवडे कुणापुढे उघडलं नव्हतं ते त्यांनी आ वासून उघडलं.

"मोजताना टोचू नये म्हणून हिरडी जरा बधिर करतो हं. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

मामांनी डोळे गच्च मिटले. मामीचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "अहो, बांगडी रुततेय!" डॉक्टर मोजायला लागले. सतराव्याला चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेविसाव्याला मास्तरांनी काहीतरी विचारलं, पुन्हा चुकले, पुन्हा पहिल्यापासून. मामांना वाटलं, पळावं. पण मन म्हणालं, बस रे, हा माणूस फक्त मोजतोय.

"एकोणतीस... तीस..." डॉक्टर जरा थांबले. कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाच्या तोंडात झाल्यासारखं कट्‌ झालं. "एकतीस! संपले."

मामा खुर्चीतून उसळलेच. "एक हमी! एक हमी! हैज अद्द!"

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

"एक कमी, पैज रद्द म्हणतायत," मामी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

डॉक्टरांनी पकड मामांच्या डोळ्यांसमोर धरली. तिच्यात मामांची शेवटची दाढ होती, किडून काळी पडलेली. "हा बघा बत्तिसावा. भरले की सगळे!"

मामांनी जिभेने चाचपून बघितलं. खरंच, तिथे आता फक्त कापूस होता. दुखत तर मुळीच नव्हतं. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मामीकडे बघितलं.

"आ-ही?" त्यांनी भीत भीत विचारलं. म्हणजे, बाकीचे?

"बाकीचे एकतीस तुमच्याच तोंडात राहू द्या," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "फक्त रोज दोनदा नीट घासत जा. माझे आहेत ते."