तीन नंबरची टाकी

फ्रीजचा प्लग काढून तिथं सायकलचा दिवा चार्जिंगला लावणारा माणूस अख्ख्या जगात एकच असणार, आणि तो नेमका आपल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ असावा, या विचारानं सकाळी सहाला वहिनींचं डोकं असं फिरलं, की पहिली दोन मिनिटं तोंडातून शब्दच फुटेना. तिसऱ्या मिनिटाला फुटला.

"भावोजी!"

भावोजी वहिनींच्या ब्रूअरीच्या, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्याच्या, ऑफिसात तीन खुर्च्या जोडून झोपले होते. ते धडपडत उठले आणि चष्मा शोधत म्हणाले, "काय झालं? आग लागली का?"

"लागायची आहे अजून! हा प्लग कुणी काढला?"

"मी. दिवा चार्ज करायचा होता. सकाळी परत लावणार होतो ना!"

"दिवसाढवळ्या सायकल चालवणार तुम्ही. दिवा कशाला लागतो?"

"वाटेत एक बोगदा आहे," भावोजी म्हणाले. "ऐंशी मीटरचा."

त्या ऐंशी मीटरपायी फ्रीज रात्रभर बंद होता. आत वहिनींच्या यीस्टची बरणी होती. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. गारव्यात ते झोपून राहतं आणि उबेत जागं होऊन फसफसतं. या बरणीचं झाकण घट्ट होतं. पहाटे कधीतरी ती फुटली आणि आता फ्रीजभर काचा आणि गाळ झाला होता. शेजारच्या खोलीतल्या मोठ्या टाकीत पाचशे लिटर बार्लीचं गोड पाणी गार होत होतं. वहिनींनी ते रात्रभर जागून उकळलं होतं. नदीकाठच्या हॉटेलवाल्याची ही पहिली ऑर्डर. संध्याकाळपर्यंत त्यात यीस्ट पडलं नाही, तर ते आंबणार, गटारात जाणार, आणि हॉटेलवाला दुसरीकडे जाणार. दोन वर्षं दारोदार बाटल्या दाखवत हिंडल्यावर मिळालेलं ते एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक होतं.

"दुकानातून आणू," भावोजी म्हणाले.

"रविवार आहे."

"दादाला फोन करतो, तो गाडीतून…"

"तुमचा दादा दोनशे किलोमीटरवर पिंपं पोचवायला गेलाय. गाडी घेऊन."

भावोजींनी डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि वहिनींना धडकी भरली. भावोजींचा चेहरा उजळला की कुणाचं तरी काहीतरी फुटतं, हा आजवरचा अनुभव होता.

"बुवांकडून घेऊ! नाहीतरी आमची आजची सायकल सहल आधी तिथंच जाणार आहे."

"त्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही!"

बुवा म्हणजे त्या भागातले सगळ्यांत जुने बिअर बनवणारे. वहिनी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली शिकल्या. बुवा त्यांना पोरगीच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी न विचारता एका टाकीत संत्र्याची साल घातली. बुवांनी सगळ्या कामगारांदेखत ती टाकी मोरीत रिकामी केली आणि म्हणाले, "तुझ्या हाताला चवच नाही. दुसरं काम बघ." वहिनींनी ॲप्रन तिथंच फेकला आणि बारा किलोमीटरवर आपली ब्रूअरी काढली. त्यानंतर दोघं एकमेकांशी शब्दानं बोलले नव्हते.

आठ वाजता भावोजींची मंडळी जमली. नऊ सायकली, तीन ब्रूअरी, चाळीस किलोमीटर, आणि प्रत्येक ठिकाणी दोनच घोट, असा भावोजींचा नियम होता. मंडळी त्यांना कॅप्टन म्हणत. कॅप्टननी प्रत्येकाला एकसारखी निळी पाण्याची बाटली वाटली. मंडळींत एक दातांचे डॉक्टर होते. ते बाटली उजेडात धरून म्हणाले, "नीट धुतलीय ना? लोकांच्या तोंडात काय काय असतं, ते मी रोज बघतो."

वहिनी त्या निळ्या बाटलीकडे बघत राहिल्या. मागायचं नाही ना? मग मागायचं नाही! घ्यायचं! पाच वर्षं त्या म्हाताऱ्याची पिंपं घासली, तेवढा आपला हक्क आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं, नवऱ्याची जुनी सायकल काढली, तिला उरलेली एक निळी बाटली अडकवली, हेल्मेट कपाळावर ओढलं आणि काळा चष्मा चढवला.

"वहिनी, तुम्ही पण येताय?" भावोजी खूष झाले.

"मला वहिनी म्हणायचं नाही. ओळखही दाखवायची नाही. आणि पुन्हा एकदाही मदत करायची नाही. कळलं?"

"कळलं, वहिनी."

बुवांच्या ब्रूअरीत काहीच बदललं नव्हतं. बुवा दारात उभे होते, तोच ॲप्रन, तीच भुवई वर. वहिनी सगळ्यांच्या मागून मान खाली घालून आत शिरल्या. बुवा पाहुण्यांना आधी बार्लीच्या पोत्यांपाशी नेतात आणि तिथं बरोबर सात मिनिटं बोलतात, हे त्यांना पाठ होतं. "बार्ली म्हणजे…" असं बुवांनी सुरू करताच त्या सटकल्या. तीन नंबरच्या टाकीला हात लावून पाहिला. ती गार होती. म्हणजे यीस्ट तळाशी बसलेलं असणार. त्यांनी खालचा व्हॉल्व्ह फिरवला. पातळ खळीसारखा मातकट गाळ बाटलीत पडू लागला. अर्धी बाटली भरली तोच पलीकडून हशा ऐकू आला. आज म्हातारा सहा मिनिटांतच आटोपला होता! वहिनींनी व्हॉल्व्ह कसाबसा बंद केला, झाकण मुद्दाम सैल लावलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. इतका राग येत होता, की चोरी केल्याची लाज वाटायला जागाच नव्हती.

तिथून थेट घरी फिरायला हवं होतं. पण घरची वाट बुवांच्या खिडकीसमोरून जात होती, आणि एकटी बाई उलटी फिरलेली दिसली असती. म्हणून त्या मंडळींबरोबर टेकडीवरच्या दुसऱ्या ब्रूअरीपर्यंत गेल्या. तिथून खालचा रस्ता धरून तासाभरात घरी, असा हिशेब होता. चढ असा होता की वर पोचल्यावर त्यांना तोंडावर पाणी मारावंसं वाटलं. सायकल लावून त्या न्हाणीघरात गेल्या, फार तर तीन मिनिटं.

बाहेर आल्या तर सायकलला बाटली नव्हती.

"वहिनी!" भावोजी लांबूनच हात हलवत होते. "सगळ्यांच्या बाटल्या बर्फात ठेवल्या! ऊन केवढं आहे!"

बर्फाच्या टबात निळ्या बाटल्या तरंगत होत्या. वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक बाटली उघडून वास घेऊ लागल्या. पाणी. पाणी. लिंबू सरबत. पाणी. टबात नऊच होत्या.

"दहावी कुठंय?"

दातांचे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात निळी बाटली होती, रिकामी, आणि मिशीवर मातकट रेघ होती.

"कॅप्टन," ते म्हणाले, "तुमचं ते ताकदीचं पेय जरा दाट होतं हं. पण घटाघट प्यायलो. चढानं जीव गेला होता. कुठल्या कंपनीचं?"

वहिनी उभ्या राहिल्या. "प्यायलात? सगळं?"

"तळाला थोडं चिकटलं होतं. ते पाणी घालून हलवून घेतलं. वाया कशाला घालवायचं?"

"सकाळी बाटली धुतलीय का विचारत होतात ना? मग आत काय आहे ते बघायला डोळे नव्हते? यीस्ट होतं ते! जिवंत यीस्ट! पाचशे लिटर बिअर तुमच्या पोटात गेली, डॉक्टर!"

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. आतून कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखा आवाज आला.

"मला… मला काही होणार तर नाही ना?"

"होऊ दे!" वहिनी कडाडल्या. "चांगलं तीन दिवस होऊ दे!"

डॉक्टर पोट धरून न्हाणीघराकडे पळाले. बाकीची मंडळी आपापल्या बाटल्यांचा वास घेत बसली. भावोजी हळूच पुढे आले. "वहिनी, माझं चुकलं. मी काय करू, सांगा."

"तुम्ही काही करू नका! तुम्ही काही केलं नसतं तर आज माझी बरणी शाबूत असती! हात खिशात घाला आणि तसेच राहा!"

दुपारचे साडेबारा झाले होते. टाकीतलं पाणी वाट बघत होतं, आणि हॉटेलवालाही. वहिनींनी सायकल वळवली ती थेट बुवांच्या दिशेनं. आता चोरी जमणार नव्हती. रविवारी दुपारी बुवा फाटक लावून घेतात. आता घंटी वाजवायची, समोर उभं राहायचं आणि मागायचं. सबंध उतारभर त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. एकाही वाक्यात 'कृपा करून' बसेना. मागून भावोजी येत होते, एक हात खिशात घालून.

घंटी वाजली. बुवांनी दार उघडलं, वहिनींकडे पाहिलं, मग त्यांच्या हेल्मेटकडे.

"काळा चष्मा कुठं गेला?" ते म्हणाले.

वहिनींचे कान तापले. "तुम्ही… ओळखलंत?"

"पाच वर्षं तुला पाठमोरी बघितलीय. म्हणून तर बार्लीचं सहा मिनिटांत आटपलं. आणि व्हॉल्व्ह नीट बंद केला नाहीस. माझी फरशी दोनदा पुसावी लागली. अजून काहीच शिकली नाहीस तू."

"बघितलंत तर थांबवलं का नाही?"

"मागतेस का ते बघत होतो."

"मी? तुमच्याकडे? सगळ्यांसमोर माझी टाकी मोरीत ओतलीत तुम्ही! रात्र रात्र झोप लागली नाही मला! चवच नाही म्हणालात!" वहिनींचा आवाज चढला आणि मध्येच चिरला. त्यामुळे त्यांना आणखी राग आला. "माझं यीस्ट गेलं. पाचशे लिटर पडलंय टाकीत. द्यायचं तर द्या, नाहीतर नाही म्हणा. पण आता शहाणपण शिकवू नका!"

बुवा आत गेले. त्यांच्या छोट्या फ्रीजमध्ये बरण्या ओळीनं लावलेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी टेबलावर आणून ठेवली. झाकणाला कागद चिकटवला होता. त्यावर बुवांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं : 'पोरीचं. सहावी पिढी.'

वहिनींनी ते दोनदा वाचलं.

"हे काय आहे?"

"माझं यीस्ट मागच्या उन्हाळ्यात मेलं," बुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वीस वर्षं जपलेलं. दोन दिवस वीज गेली होती. मग तुझ्या बाटल्या मागवल्या. तू गाळत नाहीस, तळाशी साका राहतो. त्यातून वाढवलं. सहा महिने झाले, तीनही टाक्यांत तेच आहे."

"म्हणजे सकाळी मी… माझंच…"

"तुझंच. आणि तेही अर्धीच बाटली. न्यायचं तर भरून तरी न्यायचं!"

"तुम्ही माझं यीस्ट चोरलंत!"

"मी बाटल्या विकत घेतल्या. चोरलंस तू."

"मला विचारायला काय झालं होतं? बारा किलोमीटरवर राहते मी! फोन आहे, पत्ता आहे! नाही म्हणाले असते का मी?"

"म्हणाली असतीस."

वहिनींनाही ते ठाऊक होतं. म्हणाल्या असत्या. नक्कीच म्हणाल्या असत्या, वर चार शब्द सुनावलेही असते. पण ते कबूल करण्यापेक्षा पुन्हा तो चढ चढणं परवडलं असतं.

"संत्र्याची ती बिअर वाईट नव्हती," बुवा खिडकीकडेच तोंड करून म्हणाले. "मी ओतली ती दुसऱ्या रागात. मला न विचारता केलीस, आणि जमली. ते सहन झालं नाही."

दोन वर्षं! दोन वर्षं त्या एका वाक्यापायी वहिनी प्रत्येक टाकीची चव दहा दहा वेळा घेत होत्या, हॉटेलवाल्यासमोर पेला ठेवण्याआधी पुन्हा एकदा चाखत होत्या. आणि हा माणूस आत्ता सांगतो, खिडकीला!

"हे तेव्हाच सांगायचं होतं!" त्या ओरडल्या. डोळे भरून आले होते, तेही त्यांना खपलं नाही. "हट्टी म्हातारे आहात तुम्ही! तोंड बघणार नाही मी तुमचं!"

त्या वळल्या, तरातरा बाहेर पडल्या आणि मागे दार असं आपटलं की खिडकीची तावदानं हादरली. भावोजी फाटकाशी उभे होते. वहिनींनी सायकलवर टांग टाकली, चांगली वीस पावलं गेल्या आणि ब्रेक दाबला.

बरणी टेबलावरच राहिली होती.

"मी आणू का?" भावोजींनी विचारलं.

"खबरदार!"

त्या सायकल ढकलत परत आल्या. घंटीकडे हात नेला, तोच दार उघडलं. बुवा बरणी घेऊन उभेच होते.

"हसलात तर याद राखा," वहिनी म्हणाल्या.

बुवा हसले नाहीत. त्यांनी झाकण थोडं सैल केलं, बरणी वहिनींच्या हातात दिली आणि घसा खाकरला. "यीस्ट घालताना पाणी फार गरम नको. मी… सहाला येऊन बघून जाईन म्हणतो."

"सहाला कशाला?" वहिनी डाफरल्या. "पाचला या! सहापर्यंत मी कुणासाठी थांबणार नाही!"