प्रस्तावना न वाचणारा पोंग

पोंगचं म्हणणं असं, की अख्ख्या फेचबुरीत खरं बोलणारी जीभ एकच, आणि पूर्वपुण्याईने ती त्याच्या तोंडात आहे!

पंखे-फ्रीज दुरुस्तीचं दुकान हे आपलं पोटापुरतं. त्याचं खरं काम रविवारी सकाळी. गावच्या कर्ण्यावर कुत्र्यांची लस, कालव्याची सफाई असल्या सूचना संपल्या, की पोंग माइक हातात घ्यायचा आणि आठवड्यात पाहिलेला सिनेमा, ऐकलेलं गाणं, वाचलेली कादंबरी यांची सालटी काढायचा. मुखिया मानोप हा त्याचा सख्खा मेव्हणा, त्यामुळे माइक फुकट. कर्णे खांबाखांबावर, त्यामुळे श्रोत्यांना पळायला जागा नाही!

"या सिनेमातलं भूत हिरोइनपेक्षा बरं दिसतं, आणि अभिनयही तेच करतं!" किंवा, "हे गाणं लावलं आणि दुकानातला बंद पंखा सुरू झाला. बिचाऱ्याचा पळून जायचा बेत असावा!"

त्याची दोन तत्त्वं होती. लेखकाचं नाव बघायचं नाही, आणि प्रस्तावना वाचायची नाही. "प्रस्तावना म्हणजे स्वयंपाकिणीने जेवणाआधीच केलेली गयावया! आपण थेट पहिल्या घासाला हात घालतो."

त्या रविवारी घरात कार्य होतं. त्याच्या मुलीला, फायला, मागणी घालायला चेतच्या घरचे येणार होते. चेतचे वडील हेडमास्तर सुतीन, आणि त्याची आजी लामाय, जिच्या परवानगीशिवाय त्या घरात मांजरही दूध पीत नाही.

"बाबा, आज तरी गोड बोला," फाय हात जोडून म्हणाली. "माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अगं, पाहुणे नऊला येणार. त्याआधी माझं आटोपतंय! आणि मी पुस्तकाला बोलणार, माणसांना नाही."

हे पुस्तक त्याला बायकोच्या, दाओच्या, पिशवीत सापडलं होतं. वर मावळता सूर्य, ताडाची झाडं, आणि नाव 'ताडाच्या सावलीत'. पोंगने सवयीने सुरुवातीची पानं चिमटीत धरून उलटली आणि पहिल्या प्रकरणाला भिडला.

"मंडळी!" कर्णे घुमले. "या आठवड्यात एक कादंबरी वाचली. वाचली म्हणजे चिखलातून बैलगाडी ओढावी तशी ओढली! नायकाला नाव नाही, नुसतं 'वडील, वडील'. हे वडील कधी रागवत नाहीत. दारूला शिवत नाहीत. कोंबड्यांची झुंज दिसली की मान फिरवतात! असा माणूस या गावात कुणी पाहिलाय? मी तरी नाही!"

माइकच्या खोलीसमोरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांचे कप हवेतच थांबले. पोंगला वाटलं, आज रंग भरतोय.

"आणि वडिलांची बायको! ती पहिल्या प्रकरणात भात वाढायला वाकते, ती शेवटपर्यंत वाकलेलीच! एक शब्द बोलत नाही. लेखकाला ती दिसलीच नाही हो! अखेर वडील मरतात, आणि वाचक हुश्श करतो!"

टपरीवरून मानोप दोन्ही हात हलवत धावत सुटला. पोंगने त्याला 'थांब, संपतच आलंय' अशी खूण केली.

"पण शेवटी पाककृती आहेत! कादंबरीत पाककृती, नवीन फॅशन असेल. ऐका: 'नवरा झुंजीत हरून आला तर मिरच्या दुप्पट घालाव्यात. वेगळं बोलावं लागत नाही.' वा! ही पानं दुसऱ्याच कुणाच्या हातची आहेत. सगळी कादंबरी त्याच माणसाने लिहायला हवी होती!"

"दाजी!" मानोप धापा टाकत आत शिरला. "पहिलं पान! आधी पहिलं पान बघा!"

पोंगने पाहिलं. फोटो. जन्म आणि मृत्यूची तारीख. 'कै. बुनरोत यांच्या दहनविधीस आलेल्या पाहुण्यांस सप्रेम भेट. लेखक: सुतीन.'

इकडच्या रिवाजाने दहनाला आलेल्या प्रत्येकाला मृताच्या आठवणींचं असं पुस्तक मिळतं, तसं ते दाओला मिळालं होतं. त्या दिवशी पोंग शेजारच्या गावात मैदानातला सिनेमा बघायला गेला होता, समीक्षकाचं कर्तव्य म्हणून!

"मेलो! हा तर चेतचा आजोबा!" पोंग ओरडला. माइक चालूच होता.

घरी पोचला तर फाय खांबाला टेकून मुसमुसत होती.

"अहो, मेलेल्या माणसालाही सोडलं नाहीत?" दाओ कडाडली. "हुश्श म्हणे! पोरीचं ठरता ठरता मोडलंत!"

नऊ वाजून गेले. कुणी येईना. खऱ्या बोलण्याचा पोंगला आयुष्यभर माज होता, आणि आता पोरीच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. सुतीन सर उतरले, चेहरा कडू. मागून चेतच्या हाताला धरून लामाय आजी.

"तो कर्ण्यावरचा कुठाय?"

पोंगने जमिनीला कपाळ टेकवलं. "आजी, चुकलो! पहिलं पान बघितलं नाही..."

"ऊठ! ती शेवटची पानं कुणी लिहिली, ठाऊक आहे? मी!"

पोंग तसाच ओणवा राहिला.

"दहनाला एवढी माणसं आली. सगळ्यांनी पुस्तक कपाळाला लावलं. मी त्यात कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही. जन्मभर भात वाढला मी! आज पहिल्यांदा कुणाला तरी दिसले." आजीने डोळे पुसले आणि मुलाकडे वळली. "ऐकलंस का, मास्तर?"

"आई, मी आदरापोटी..."

"कसला आदर! झुंजीला जाताना कोंबडा मलाच धरायला लावायचे ते! तापट होते, हट्टी होते, आणि मला त्यांची रोज आठवण येते. तुझ्या पुस्तकातला तो साधू कोण, मी नाही ओळखत." मग दाओला म्हणाली, "पोरगी आमची. मुहूर्त काढा!"

फायने बापाच्या गळ्यात उडी मारली. पोंगला इतकं हलकं वाटलं, की छताचा पंखा लावला असता तर उडाला असता! दाओने डोळे पुसत पुसत पाहुण्यांपुढे पानं मांडली.

आजीने डबा उघडला. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून भाजलेली मोगेंगची वडी. "पुस्तकात आहे तीच. आज माझ्या हातची खा."

सुतीन सरांनी दोन वड्या खाल्ल्या. "अप्रतिम, आई!"

पोंगने एक तोंडात टाकली. डोळ्यांत पाणीच आलं! आजीच्या हातून चिमूटभर मिठाच्या जागी मूठभर पडलं होतं. चटईवर फायची बोटं त्याच्या मनगटात रुतली. सगळे त्याच्याकडे बघत होते. फेचबुरीतली ती एकुलती एक जीभ हलली.

"अमृत, आजी! अमृत!"

आजी खूश झाली. स्वतःही एक वडी तोंडात टाकली. थांबली. वडी हातात काढली आणि पोंगला आपादमस्तक न्याहाळलं.

"सकाळपर्यंत चांगला होतास रे! सोयरीक जमली आणि लगेच बिघडलास!"